माठातला वाळा आणि बाटलीतला पुरुष

२००८ ची गोष्ट. पहिल्या ऑनसाइटवरून परत येत होतो. खिशात काटकसर करून वाचवलेले थोडे डॉलर, विमानाला अजून दोन तास अवकाश आणि समोर ड्युटी फ्रीचं झगमगीत दुकान. असा योग जुळून आला की माणूस जे करतो तेच मी केलं. आयुष्यातलं पहिलं महागडं परफ्यूम घेतलं.

दुकानातल्या माणसाने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला, पट्टी माझ्या नाकाखाली धरली आणि सांगितलं की हा 'वुडी' वास आहे, म्हणजे लाकडाच्या जातीचा. तो लावणारा पुरुष कसा असतो, तर शांत, स्वतःवर भरवसा असलेला, फारसं न बोलणारा, पण बोलला की लोक ऐकतात असा. मी या वर्णनात कुठेच बसत नव्हतो. क्लायंटच्या कॉलवर माझा आवाज चिरका व्हायचा, आणि कुठे जरा शांतता पसरली की काहीतरी बोलून ती मोडायची मला खोड होती. त्यामुळे अर्थातच मी ती बाटली घेतली. बाटलीवर नाव होतं 'व्हेटिव्हर'.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना ऐटीत दोन फवारे मारून बाहेरच्या खोलीत आलो. आजी खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय रे, वाळा लावलास?"

"अगं आजी, फ्रेंच परफ्यूम आहे ते!"

"असेल. पण वाळाच आहे. माठात घालतो तो."

मग किंमत विचारली. मी खऱ्या किमतीच्या एक तृतीयांश सांगितली. ती म्हणाली, "एवढ्यात आळीभरच्या माठांना पुरला असता," आणि परत भाजीकडे वळली. विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. कारण आजीचं नाक शंभर टक्के बरोबर होतं. व्हेटिव्हर म्हणजे वाळाच. पण मग जी मुळी आमच्याकडे माठात 'थंडावा' असते आणि ट्रंकेत 'साड्यांचा वास' असते, तीच त्या बाटलीत गेल्यावर 'पुरुष' कशी काय होते? गेली काही वर्षं सवड मिळेल तसं मी हे शोधत आलोय. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवातीलाच एक गंमत. हे लाकूड नाहीच. वाळा हे गवत आहे. सुगंधी आहेत त्या त्याच्या मुळ्या, आणि त्या जमिनीत सरळ खाली तीन-तीन मीटर जाऊ शकतात. नावही फ्रेंच नाही. मूळ तमिळ शब्द 'वेट्टिवेर', म्हणजे खणून काढलेली मुळी. तो फ्रेंचांनी उचलला आणि दुकानात शोभेलसा केला. थोडक्यात, पुरुषांच्या 'लाकडी' परफ्यूमांमध्ये ज्याचा मान फार वरचा आहे ते एका गवताचं मूळ आहे, आणि त्याचं नाव दक्षिण हिंदुस्थानातल्या शेतातून गेलेलं आहे.

संस्कृतात वाळ्याला 'उशीर' म्हणतात. (आमच्या टीममध्ये उशीर म्हटलं की वेगळंच काहीतरी आठवतं, पण असो.) कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला शकुंतलेच्या अंगाची आग शांत व्हावी म्हणून तिच्यासाठी वाळ्याचा लेप नेला जातो. मुघलांच्या वाड्यांत वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून गार केलेले खसखाने असत. पुढे ती युक्ती साहेबांनी उचलली, आणि ती आपल्याकडच्या कूलरच्या ताट्यांपर्यंत आली. कनौजला तांब्याच्या डेगेत वाळ्याचा अर्क काढतात, त्याला 'रूह खस' म्हणतात. तांब्यामुळे त्याला हिरवट रंग येतो. सरबतं हिरवी का करतात, त्याचा धागा बहुधा इथे असावा. आणि तिकडे लांब अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या क्रेओल घरांत, बायका कपड्यांच्या कपाटात वाळ्याच्या मुळ्यांची जुडी ठेवत. अगदी आमच्या आजीच्या ट्रंकेसारखी.

यात कुठेही हा वास पुरुषाचा की बाईचा, हा प्रश्नच येत नाही. उकाडा सगळ्यांनाच होतो.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे सुगंधाचं वर्गीकरण वगैरे झालंच नसेल, म्हणून हा प्रश्न पडला नसेल. तसं मुळीच नाही. उलट आपल्या पूर्वजांना वर्गीकरणाचं वेड होतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली. त्यात ग्रह, पाऊस, रत्नं यांच्या सोबत 'गंधयुक्ती' नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. केस धुणं, तेल, धूप, दात घासायच्या काड्या, मुखवास, सगळं त्यात येतं. आणि त्यातच 'गंधार्णव' म्हणजे सुगंधांचा समुद्र आहे. १६ द्रव्यं घ्या. त्यात वाळा आहे, अगरू आहे, चंदन आहे, नागरमोथा, तगर, कापूर आहे. त्यातली कोणतीही ४ निवडा. ती चार १, २, ३, ४ अशा भागांत मिसळा. किती सुगंध होतील?

मंडळी, हे आपल्या इंटरव्ह्यूतलं गणित आहे! १६ तून ४ निवडायचे प्रकार १,८२०. हा आकडा वराहमिहिर अगदी बरोबर देतो, बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या सहाशे वर्षं आधी. मात्र एकूण सुगंध तो सांगतो १,७४,७२०. आपल्या हिशोबाने चार द्रव्यांना चार भाग वाटायच्या रीती २४, म्हणून १,८२० गुणिले २४, म्हणजे ४३,६८०. त्याचा आकडा याच्या बरोबर चौपट आहे. एकेका द्रव्याला पाळीपाळीने धरून मोजताना तेच मिश्रण चार वेळा मोजलं गेलं. दीड हजार वर्षांपूर्वीचा डबल काउंटिंगचा बग पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. माणूस एकदम जवळचा वाटला.

पण आपला मुद्दा वेगळा आहे. त्या सुगंधांच्या समुद्रात 'पुरुषांसाठी' आणि 'स्त्रियांसाठी' असे दोन रकाने नाहीत. लाकडं, मुळ्या, राळ, फुलं सगळी एकाच यादीत. पुरुष सुगंध लावत नव्हते म्हणावं तर तेही नाही. कामसूत्रातला शहरी रसिक, म्हणजे 'नागरक', त्याच्या रोजच्या सकाळच्या कार्यक्रमात अंगाला सुगंधी लेप, धूप आणि गळ्यात माळ एवढं सगळं आहे. आयुर्वेदात वर्गवारी आहे ती गुणाची. चंदन आणि वाळा शीत, अगरू उष्ण. म्हणजे लेबल होतं ते ऋतूचं आणि अंगाच्या गरजेचं. माणूस कसा आहे याचं नव्हतं.

याच परंपरेतला एक दुवा पुण्यात सापडला आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे (१८९१-१९६१) हे विलक्षण गृहस्थ. पोथ्या चाळता चाळता ते चष्मा, जिलबी, पानसुपारी असल्या रोजच्या गोष्टींचा इतिहास शोधून काढत. त्यांनी गंगाधर नावाच्या लेखकाच्या 'गंधसार' या ग्रंथाकडे आणि त्यासोबतच्या 'गंधवाद' या दुसऱ्या ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. गंधवादाचा लेखक अज्ञात आहे, पण त्याच्यावर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे सुगंध कसा करावा हे कोणीतरी मराठीतून कोणालातरी समजावून सांगत होतं! पुढे १९८९ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने हे दोन्ही छापले. गंधसारात सुगंध करायच्या सहा प्रक्रिया सांगितल्यात: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. नीट आखलेली पाइपलाइनच.

तर मग तो शांत, अबोल पुरुष बाटलीत शिरला कधी? त्यासाठी युरोपात जावं लागतं, कारण त्याचा जन्म तिकडचा.

सुरुवातीला तिकडेही आपल्यासारखीच परिस्थिती होती. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिनांचा कारखाना निघाला. लिंबू-संत्र्याच्या सालींचा वास असलेलं ते 'कोलोनचं पाणी' बायका लावत तसेच पुरुषही लावत. नेपोलियन ते अक्षरशः अंगावर ओतून घ्यायचा, आणि त्याच्या मर्दानगीवर कोणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमाराला चित्र पालटायला लागलं. दरबारी पुरुषांचे रेशमी रंग, लेस, पावडर मागे पडली आणि काळा कोट घातलेला कामाचा माणूस पुढे आला. जे. सी. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली कपड्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने या प्रकाराला पुरुषांचा 'महात्याग' म्हटलंय. पुरुषाने सुंदर दिसणं सोडलं आणि उपयोगी दिसणं पत्करलं. रंगांसोबत सुगंधही बराचसा गेला. सभ्य पुरुषाच्या अंगाला साबणाचा वास यावा, फार तर तंबाखूचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून परफ्यूमचा धंदा वेगाने बदलला, कारण रसायनशास्त्र मदतीला आलं. पर्किनने १८६८ साली प्रयोगशाळेत कूमारिन तयार केलं. ताज्या कापलेल्या गवताचा गोडसर वास म्हणजे तेच. ते वापरून १८८२ साली हूबिगाँ कंपनीच्या पॉल पार्केने 'फूजेर रॉयाल' काढलं. आज पुरुषांच्या परफ्यूममध्ये 'फूजेर' नावाची जी भली मोठी जात आहे ती इथून निघाली. गंमत म्हणजे फूजेर म्हणजे नेचे, आणि नेच्याला म्हणण्यासारखा वासच नसतो.

आता पुढच्या तारखा नीट बघा. १९१९: कॅरोन कंपनीचं 'टाबाक ब्लाँ'. चामडं आणि तंबाखूचा वास. कोणासाठी? तेव्हा उघडपणे सिगारेट ओढायला लागलेल्या बायकांसाठी. १९२१: शनेल नंबर ५. जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध बायकांचं परफ्यूम. त्याच्या तळाशी चंदन आहे आणि वाळाही आहे. १९२६: शनेलचंच 'ब्वा देझ ईल', अर्थ बेटांवरचं लाकूड. चंदनाने भरलेलं, नावातच लाकूड असलेलं. तेही बायकांसाठी. म्हणजे लाकडाच्या वासाला स्वतःचं परफ्यूम मिळालं, त्या सुरुवातीच्या काळात ते पुरुषाला नाही तर पॅरिसच्या बायकांना मिळालं.

पुरुषासाठी म्हणून वेगळी, तसं नाव देऊन काढलेली बाटली नंतर आली. १९३४ साली कॅरोनने 'पूर अँ ओम', म्हणजे 'पुरुषासाठी', काढलं. त्यात लव्हेंडर आणि व्हॅनिला होतं. अमेरिकेत शुल्टन कंपनीने १९३७ साली 'ओल्ड स्पाइस' आणलं ते आधी बायकांसाठी. पुरुषांचं, जहाजाचं चित्र असलेलं ओल्ड स्पाइस एक वर्षाने, १९३८ साली आलं. आपल्या बाबा-काकांच्या पिढीला तो दाढीनंतरचा झोंबरा वास म्हणजेच 'जेन्ट्स' वास वाटतो. त्याचा पहिला अवतार लेडीज होता हे त्यांना सांगून बघा. :)

यातला 'दाढीनंतर' हा शब्द महत्त्वाचा. महात्याग केलेल्या पुरुषाला सुगंध परत विकायचा तर काहीतरी निमित्त हवं होतं. हे परफ्यूम नाही हो, हे आफ्टरशेव्ह आहे. नटणं नाही, स्वच्छता आहे. आणि दुसरं निमित्त म्हणजे हे लाकूड. फूल म्हटलं की बाई डोळ्यांसमोर येते अशी सवय लोकांना लागलेली होती. लाकूड, माती, चामडं, तंबाखू म्हटलं की शिकार, जहाज, घोडा, लायब्ररी. यात सुगंध लावल्याचा आळ येत नाही. माणूस बाहेर काम करून आलाय, त्याला आपोआप वास लागलाय, असं भासवता येतं.

१९५७ साली कारव्हेन या फ्रेंच कंपनीने पुरुषांसाठी 'व्हेटिव्हर' काढलं. १९५९ साली जीव्हाँशीचं आलं, आणि त्याच साली गेरलँचं. गेरलँचं व्हेटिव्हर बनवणारा ज्याँ-पॉल गेरलँ तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. कंपनी सांगते ती गोष्ट अशी की त्याला ही कल्पना एका माळ्यावरून सुचली. ओली माती, गवत आणि तंबाखू असा मिळून त्याच्या अंगाला येणारा वास. खरं-खोटं कंपनी जाणे, पण गोष्ट कशी बेमालूम आहे बघा. सुगंध लावणारा पुरुष नाही, काम करणारा पुरुष. अवघ्या दोन वर्षांत तीन बाटल्या आल्या आणि आमच्या माठातला वाळा कायमचा 'मेन्स' झाला.

लेबल बदललं की वस्तूचं लिंग बदलतं, याचं त्याच काळातलं आणखी ढळढळीत उदाहरण मार्लबोरो. ही सिगारेट १९२४ साली बायकांसाठी म्हणून बाजारात आली. फिल्टरच्या सिगारेटी तेव्हा बायकी समजल्या जायच्या. मग १९५५ च्या सुमाराला लिओ बर्नेटच्या जाहिरात कंपनीने तिच्यावर काऊबॉय बसवला, आणि तीच सिगारेट मर्दपणाची जगातली पहिल्या नंबरची खूण झाली.

मग ते व्यक्तिमत्त्व निव्वळ थाप आहे का? मी बरेच दिवस तसंच समजत होतो. पण थोडं रसायनशास्त्र वाचल्यावर जाणवलं की थाप असली तरी तिला एक खरा आधार आहे. लिंबाच्या वासातलं लिमोनीन हा लहान, हलका रेणू. दहा कार्बनचा. लावल्यावर बघता बघता उडून जातो. चंदनातलं सँटलॉल आणि वाळ्यातलं खुसिमॉल हे दोन्ही पंधरा कार्बनचे जड रेणू. (दोघांचं सूत्रही तेच, C ऐवजी 'कार्बन १५, हायड्रोजन २४, ऑक्सिजन १' असं लिहितो. अणू तेच, फक्त जोडणी वेगळी.) जड असल्यामुळे ते सावकाश उडतात. सकाळी लावलेला वास संध्याकाळी शर्टाच्या बाहीवर सापडतो तो यांचा. म्हणजे उतावळेपणा नाही, आरडाओरडा नाही, शेवटपर्यंत टिकून राहणं. दुकानातल्या माणसाने मला वर्णन ऐकवलं ते खरं तर रेणूचं होतं. जाहिरातवाल्यांनी ते रेणूवरून उचललं आणि माणसाला चिकटवलं.

आणि हेच जड रेणू बायकांच्या परफ्यूमचाही पाया आहेत. वरची चमेली, गुलाब धरून ठेवायला खाली चंदन आणि वाळा लागतोच. शनेल नंबर ५ मध्ये तेच झालंय. एका अर्थी १९५९ च्या त्या बाटल्यांनी नवीन काहीच शोधलं नाही. वरची फुलं काढून टाकली, पाया उघडा ठेवला आणि त्यावर 'पुरुष' अशी पाटी लावली.

पाटी लावणाऱ्यांनीच पुढे ती काढलीही. २२ व्या वर्षी पुरुषांसाठी व्हेटिव्हर बनवणाऱ्या त्याच ज्याँ-पॉल गेरलँने १९८९ साली 'सामसारा' बनवलं. चंदनाने ओथंबलेलं, आणि बायकांसाठी. १९९२ साली शिसेडो कंपनीने देवदाराचं परफ्यूम काढलं आणि नावच ठेवलं 'फेमिनिते द्यु ब्वा', लाकडाचं स्त्रीत्व. २०११ साली न्यूयॉर्कच्या ल लाबोने 'सँटल ३३' आणलं. त्याच्या वर्णनात जुन्या मार्लबोरो जाहिरातींची, घोडा आणि शेकोटीपाशी बसलेल्या पुरुषाची आठवण जागवलेली आहे. आणि ते उचललं कोणी? बायकांनी आणि पुरुषांनी, दोघांनी मिळून. काऊबॉयच्या वासाच्या बायका मॅनहॅटनच्या लिफ्टमध्ये भेटायला लागल्या.

दरम्यान लाकूडच नाहीसं होत चाललं होतं. १९७३ साली आयएफएफ या अमेरिकन कंपनीच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 'आयसो ई सुपर' नावाचा रेणू बनवला. गुळगुळीत, कोरड्या देवदारासारखा वास, आणि झाड कुठेच नाही. २००६ साली आलेल्या 'तेर द'एर्मेस'मध्ये तो भरपूर आहे. त्या नावाचा अर्थ मात्र एर्मेसची माती! त्याच साली 'मॉलिक्यूल ०१' आलं. त्यात तर सुगंध म्हणून हा एकटाच रेणू आहे. दुकानांतली कित्येक लाकडी व्यक्तिमत्त्वं आज जंगलातून नाही, रिॲक्टरमधून येतात.

याचं मला वाईट वाटावं की बरं वाटावं, हे अजून ठरत नाही. कारण खऱ्या लाकडाची गोष्ट फार काही सुखाची नाही. म्हैसूरच्या चंदनाला टिपू सुलतानाने १७९२ साली शाही झाड ठरवलं. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं चंदन अडकून पडलं, तेव्हा १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळूरला स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. म्हैसूर सँडल सोप त्यातूनच आला. पण झाड सरकारचं म्हटल्यावर ते आपल्या रानात उगवलेलं शेतकऱ्याला नकोसंच व्हायचं. लावायचं कोणी आणि राखायचं कोणी? कर्नाटकात मालकीचा कायदा बदलला तो २००१ साली. तोवर तस्करीने जंगलं पोखरली होती. २००४ साली मारला गेलेला वीरप्पन आपल्या पिढीला आठवत असेलच. १९९८ पासून हे झाड आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त गटात आहे.

आणि वाळा? जगात वाळ्याचं तेल सगळ्यात जास्त येतं ते हैतीतून, दक्षिणेकडच्या ले काय शहराच्या आसपासच्या टेकड्यांवरून. मुळ्या खणतात त्या हाताने, कुदळीने. शंभर किलो सुक्या मुळ्यांतून तेल निघतं जेमतेम एक-दोन किलो. वाळा माती घट्ट धरून ठेवतो म्हणून जगभर बांधावर लावतात, आणि इथे नेमकी मुळीच हवी असल्याने उतारावरची माती मोकळी करावी लागते. पाऊस आला की ती वाहून जाते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू चक्रीवादळाने हाच भाग झोडपला. १४ ऑगस्ट २०२१ च्या भूकंपात ले काय पुन्हा कोसळलं. माती, गवत आणि घाम यांचा वास असलेला कष्टाळू माणूस खरोखरच आहे. तो जाहिरातीत नाही, त्या टेकडीवर आहे, आणि बाटलीच्या किमतीतला त्याचा वाटा फार लहान आहे.

माझी ती बाटली तीन वर्षं पुरली. क्लायंटच्या कॉलवरचा माझा आवाज कालांतराने सुधारला, पण त्याचं श्रेय वाळ्याला देता येणार नाही. पाच-सहा वर्षं तीच ती बोलणी खाल्ली की कोणाचाही सुधारतो.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात गावचं घर आवरायला काढलं, तेव्हा तिची ट्रंक उघडली. तळाशी दोन नऊवारी, काही कागद आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली वाळ्याची जुडी. मुळ्या पार काळ्या पडल्या होत्या, पण वास होता. पंधरा कार्बनचं काम.

कागद कोर्टाचे होते. आजोबा गेले तेव्हा आजी एकतीस वर्षांची होती. भाऊबंदांनी जमिनीवर दावा लावला. अकरा वर्षं ती एस.टी.ने तालुक्याला तारखांना जात राहिली, एकटी. वकिलाशी जेवढ्यास तेवढं बोलायची, आणि ती बोलली की वकील लिहून घ्यायचा, असं आत्या सांगते. जमीन राहिली. याबद्दल तिने आम्हा नातवंडांना कधी चकार शब्दही सांगितला नाही.

त्या ड्युटी फ्रीमधल्या माणसाने वर्णन अगदी बरोबर केलं होतं. शांत, स्वतःवर भरवसा असलेली, फारसं न बोलणारी. त्याला फक्त माणूस चुकीचा सापडला होता.

जुडीतल्या चार मुळ्या घरी आणल्यात, त्या साड्यांसोबत कपाटात ठेवल्या. माठासाठी मंडईतून नवीन वाळा घेतला. वीस रुपयांना.